सिएम रीपमधलं तुर्की हॉटेल: हे गणित बसतं कसं?

भटकीभवानी

अंगकोरच्या देवळांवर इथे पुरेसं लिहून झालंय, मी त्यात भर घालत नाही. माझा प्रश्न पोटाचा आहे.

कंबोडियातल्या सिएम रीप गावात नदीच्या पूर्वेला, वॉट बो नावाच्या मठाच्या अंगाला एक तुर्की हॉटेल आहे. नाव मुद्दाम देत नाही, उगाच जाहिरात वाटायची. पन्नाशीचं जोडपं चालवतं. तो इझमीरकडचा, ती अदानाची. गल्ल्यावर तो, भटारखान्यात ती, हाताखाली ख्मेर, म्हणजे तिथलीच पोरं-पोरी. आम्ही भर दुपारी शिरलो तेव्हा एक फ्रेंच म्हातारा पुस्तक उघडून बसला होता, बाकी सगळी टेबलं मोकळी. मसुराचं सूप, भट्टीतला गरम पाव, टोमॅटो-मिरचीत ढवळलेली अंडी (मेनेमेन) आणि बारीक कमरेच्या पेल्यात काळसर लाल चहा. जेवण झकास. बिल डॉलरमध्ये, वरचे सुट्टे तिथल्या रिएलमध्ये, डॉलरला चार हजार धरून.

परत आल्यापासून मी मनातल्या मनात त्यांचा हिशोब मांडतेय आणि तो काही जुळत नाही. कंबोडियात गहू पिकत नाही. मेंढ्या नाहीत. दह्याची लोकांना सवय नाही. परदेशी माणसाच्या नावावर जमीन होत नाही. २०१९ मध्ये अंगकोरचं तिकीट काढणारे परदेशी २२ लाखांच्या आसपास होते, २०२४ मध्ये १० लाखांच्या जरा वर. त्यात २०२५ च्या जूनपासून थायलंडची हद्द बंद, जुलैत तर पाच दिवस तोफा चालल्या.

मी जरा खोदून विचारलं तर नवऱ्याने हसून आणखी एक चहा पुढे केला. बायको मात्र म्हणाली, आम्ही प्रवाशांच्या भरवशावर कधीच नव्हतो. आता अंगकोरच्या दारात हॉटेल टाकायचं आणि प्रवाशांच्या भरवशावर नाही म्हणायचं, हे कसं काय? इथे हॉटेलवाले आहेत, तिकडे राहणारे आहेत. उलगडा करा.

हिरवी_मिरची

वाचतेय. आम्ही डिसेंबरात जातोय, त्यामुळे शाकाहाराबद्दल जे कोणी लिहील त्याचं भलं होवो.

खानावळकर

बाई बरोबर बोलल्या. भवानीताई, तुम्ही भर दुपारी गेलात. त्या गावात त्या वेळी गिऱ्हाईक असूच शकत नाही. देवळं बघणारा माणूस पहाटे साडेचारला उठतो, कारण अंगकोर वॉट पाचला उघडतं. सूर्योदय, मग उन्हं चढेपर्यंत भटकणं, अकराला खोलीवर येऊन आडवा. पुन्हा बाहेर पडतो ते चार नंतर. म्हणजे खायच्या वेळा दोनच: सकाळी आठ ते दहा आणि संध्याकाळी सहा ते नऊ. संध्याकाळी पब स्ट्रीटवर स्वस्त बिअर आणि दिव्यांचा झगमगाट असतो, तिथे लढायला भांडवल लागतं. उरते सकाळ.

दुसरं, हंगाम. नोव्हेंबर ते मार्च गर्दी. एप्रिलात कडक ऊन आणि त्यांचं नवं वर्ष, तेव्हा कामाची पोरं गावी. मग ऑक्टोबरपर्यंत पाऊस. महाबळेश्वरात पावसाळ्यात मालक झडपा लावून घरी बसतो, त्याला परवडतं, कारण जागा त्याची असते. भाड्याच्या जागेत बाराही महिने मीटर चालू. जो माणूस पाच महिन्यांच्या गल्ल्यावर बारा महिन्यांचं भाडं काढायला बघतो तो तिसऱ्या वर्षी सामान विकायला काढतो. हे मी आपल्याकडे किनाऱ्यावरच्या गावांत दर वर्षी बघतो.

आता तुमच्या ताटाकडे या. मसूर, अंडी, टोमॅटो, मिरची, मैदा, चहा. यातल्या कशाला मेंढी लागते? पाटीवर कबाब मोठ्या अक्षरात असेल, पण पैसे सुपात आहेत. सुपाच्या वाटीवर कच्चा माल विक्रीच्या पंधरा टक्केसुद्धा जात नसेल, कबाबावर चाळीसच्या पुढे जाईल. कबाब बोलावतो, सूप कमावतं.

मेकाँगकाठी

मी इथल्या राजधानीत, नोम पेन्हला राहतो, कपड्याच्या कारखान्यात गुणवत्ता तपासणीचं काम. सिएम रीपला नेहमी जाणं असतं. थोडी माहिती.

कंपनी शंभर टक्के परदेशी मालकीची काढता येते, त्यात अडचण नाही. अडतं ते जमिनीपाशी. घटनेच्या ४४ व्या कलमाने जमीन फक्त ख्मेर नागरिकाची किंवा ख्मेर कंपनीची. कायद्यात पंधरा ते पन्नास वर्षांचा लांब भाडेपट्टा आहे, पण छोटा हॉटेलवाला तीन-पाच वर्षांचा करार करतो. धंदा जोरात आला की करार संपताना मालक भाडं वाढवतो. इथल्या परदेशी हॉटेलवाल्यांना झोप लागत नाही ती या एका गोष्टीमुळे. जेवण बरंवाईट असल्याने जेवढी हॉटेलं बसली नसतील तेवढी करार संपताना बसली.

नोकरांचंही एक आहे. परदेशी कामगार ख्मेर कामगारांच्या दहा टक्क्यांहून जास्त नकोत असा नियम आहे. अपवाद मागता येतो, पण कटकट असते. म्हणून छोट्या ठिकाणी तुर्कस्तानातून आचारी आणत नाहीत. बायकोच आचारी, आणि ख्मेर मुलं तिच्याकडे शिकतात.

आता मुख्य प्रश्न: तिथे प्रवासी सोडून असतं कोण? बरेच असतात. अंगकोरची दुरुस्ती हा तिथला कायमचा उद्योग आहे. फ्रेंच, जपानी, जर्मन पथकं वर्षानुवर्षं आहेत. आपलं पुरातत्त्व खातं १९८६ ते १९९३ अंगकोर वॉटवर होतं, नंतर ता प्रोमच्या देवळावर आलं. १९९९ पासून मुलांचं एक मोठं धर्मादाय रुग्णालय आहे, तिथे बाहेरचे डॉक्टर-नर्स येतात. शाळांतले शिक्षक, संस्थांमधले लोक, पेन्शनीत उतरलेले युरोपियन. या माणसांना रोज अमोक आणि लोक लाक असलं ख्मेर जेवण नको असतं. त्यांना पाव, चीज, ऑलिव्ह आणि बसायला जागा हवी असते. तो फ्रेंच म्हातारा हाच खरा गिऱ्हाईक. तो पावसाळ्यातही येतो.

याची परीक्षा झाली ती २०२०-२१ मध्ये. अंगकोरला परदेशी माणूस औषधालाही नव्हता, आणि नेमके त्याच काळात सरकारने गावातले ३८ रस्ते एकदम खणायला घेतले. पब स्ट्रीटवर ओळीने कुलपं होती. त्या दोन वर्षांत जी टिकली ती बहुतेक गल्लीबोळांतली, जिथे गावातलेच लोक जेवायला यायचे आणि जिथल्या घरमालकाने भाडं कमी केलं. रस्ते मात्र आता सुरेख झालेत, हे मान्य करावं लागेल.

भटकीभवानी

मेकाँगकाठी, आभार. भाडं कमी केल्याचं तिनेही सांगितलं होतं, मी ते सौजन्य समजले. घरमालकीण शेजारीच राहते म्हणे आणि रोज संध्याकाळी पाव न्यायला येते.

मेकाँगकाठी

सौजन्य असेलही. पण त्या काळात रिकाम्या जागेला दुसरा भाडेकरू मिळत नव्हता हेही तितकंच खरं. पावाचं म्हणाल तर ख्मेर माणसाला पाव परका नाही. फ्रेंचांच्या काळापासून लांबुळका नुम पांग घरोघरी आहे, सकाळी कोळशावर भाजलेल्या मांसाच्या काड्यांबरोबर खातात. त्यामुळे तुर्की हॉटेलातली जी गोष्ट गावकऱ्यांना पटकन आवडते ती पावच. दही नाही. ताकासारखं खारट आयरान दिलं तर चेहरा वाकडा होतो.

गलाटा_पूल

इस्तंबूलहून लिहितेय, लग्न होऊन इथे आले त्याला बरीच वर्षं झाली. दोन गोष्टी.

पहिली पैशांची. ते जोडपं तिकडे कधी गेलं ते विचारलंत का? सगळं त्यावर आहे. २०१३ मध्ये डॉलरला साधारण दोन लिरा पडायचे. कोणी लाखभर लिरा साठवून निघालं तर हातात पन्नास हजार डॉलर आले, त्यात सिएम रीपला हॉटेल मांडता येतं. आज डॉलर चाळीसच्या पुढे आहे. तेच लाख लिरा अडीच हजार डॉलरही भरत नाहीत, त्यात भट्टीसुद्धा येणार नाही. २०२१ च्या शेवटी शेवटी तर सकाळचा भाव संध्याकाळी राहत नव्हता, आणि २०२२ च्या ऑक्टोबरात सरकारी आकड्यानेच महागाई ८५ टक्क्यांवर गेली. आमच्या इमारतीतले दोन तरुण तेव्हाच बाहेर गेले, पण पगारी नोकरी शोधून. धंदा टाकायला बाहेर जाण्याची ऐपत आता मध्यमवर्गाची राहिलेली नाही. जे आधी गेले ते डॉलरमध्ये कमावतात आणि इथल्या आईवडिलांना चार नोटा पाठवल्या तरी घर चालतं. परत यायचं म्हटलं तर मात्र इथलं भाडं बघून पाय मागे येतो.

दुसरी जेवणाची. तुर्की म्हटलं की जगाला फिरणारा डोनर कबाब दिसतो. खरा जीव सकाळच्या न्याहारीत, कहवाल्तीत आहे. पांढरं चीज, ऑलिव्ह, काकडी-टोमॅटो, मध-साय, अंडी, पाव आणि न मोजता चहा. रविवारी ते दोन-तीन तास चालतं. खानावळकरांनी सकाळी आठ ते दहाची जी वेळ सांगितली तिच्यासाठी याहून चांगली न्याहारी नाही. पहाटे उठून दमलेला माणूस, भरलेलं टेबल, आणि बहुतेक पदार्थ थंड म्हणजे आचाऱ्यावर ताण नाही. बाई अदानाची आहे आणि तरी न्याहारी विकतेय यातच तिची अक्कल दिसते. अदानाचा माणूस जात्याच कबाबाचा अभिमानी. तो कबाब २००५ पासून भौगोलिक मानांकनात आहे: नर मेंढ्याचं मांस आणि शेपटीची चरबी, झिर्ह नावाच्या वाकड्या सुऱ्याने हाताने कापलेली, यंत्रात दळलेली चालत नाही. रुंद सळईवर थापून कोळशावर. ती चरबी कंबोडियात कुठून आणणार?

भटकीभवानी

ते तेरा-चौदा सालाच्या सुमारास गेले. आधी दोघं नोम पेन्हला होते, ती तिथल्या तुर्की शाळेत शिकवायची. म्हणजे तुमचा अंदाज बरोबर.

कबाबाबद्दल मी तिला कालच व्हॉट्सॲपवर विचारलं. मेंढीचं मांस गोठवलेलं, ऑस्ट्रेलिया किंवा न्यूझीलंडहून, नोम पेन्हच्या व्यापाऱ्याकडून बर्फाच्या पेटीत बसने येतं. ते फक्त शुक्रवार-शनिवारी. इतर दिवशी कबाब गोमांसाचा, आणि त्यात ती आतड्याभोवतीची चरबी मिसळते. तिथली गाय शेतात राबलेली, मांस चिवट, म्हणून हाताने बारीक कापावंच लागतं. पाटीवर ती त्याला अदाना म्हणत नाही, नुसतं शिश कोफ्ते (सळईवरचा खिमा) लिहिते. हे मला फार आवडलं. गिऱ्हाइकाला फरक कळला नसता.

हिरवी_मिरची

म्हणजे कबाब गोमांसाचा! बरं झालं विचारलंत, सासूबाई सोबत आहेत. आणि सूप? हाडांच्या रश्शात असतं का?

गलाटा_पूल

विचारून घ्या. घरोघरी मर्जिमेक, म्हणजे हे मसुराचं सूप, पाण्यातच करतात, पण हॉटेलात कधी कधी रस्सा घालतात. मेनू बघताना तीन शब्द लक्षात ठेवा: दाना म्हणजे गाय, कुझू म्हणजे मेंढी, तावुक म्हणजे कोंबडी. वांग्याचे प्रकार, फसोल्ये म्हणजे राजम्यासारखी उसळ, भात, पालकाचं बोरेक (पातळ पोळीच्या थरांत भरून भाजलेलं) यावर शाकाहारी माणूस आरामात जेवतो. फक्त सार्मा म्हणजे द्राक्षाच्या पानांतल्या भातात खिमा नाही ना बघा.

मेकाँगकाठी

शाकाहाऱ्यांना सांगायचं म्हणजे, ख्मेर हॉटेलात नुसती भाजी मागितली तरी मासळीचा सॉस किंवा प्राहोक आत असतो. प्राहोक म्हणजे आंबवलेली मासळी, तोन्ले साप तळ्यातल्या माशांची. त्याशिवाय त्यांना चवच लागत नाही, आपल्याला फोडणीशिवाय लागत नाही तसं. त्यामुळे आपली मंडळी एकतर भारतीय थाळीवाल्याकडे जातात, नाहीतर अशा पश्चिमेकडच्या जेवणाकडे. सहल कंपन्यांबरोबर आलेले पुणेकर तर सोबत आणलेल्या महाराजांच्या हातचं पिठलं खाऊन अंगकोर बघतात. त्यांच्याकडून त्या तुर्की बाईला छदाम मिळत नाही.

तिरपागडा

सगळं गोड चाललंय, जरा मीठ टाकतो.

गोरा माणूस परदेशात दुकान टाकतो तेव्हा त्याच्या धाडसाचं कौतुक. आपला माणूस आखातात हॉटेलात राबतो तेव्हा तो बिचारा मजूर. बरं ते राहू दे. अंगकोरच्या परिसरात पिढ्यान्‌पिढ्या राहणारी आणि देवळांसमोर टपऱ्या लावणारी दहा हजारांच्या घरातली कुटुंबं २०२२ पासून रुन ता एक नावाच्या वसाहतीत हलवली गेली, वीस-पंचवीस किलोमीटर दूर. सरकार म्हणतं स्वेच्छेने, ॲम्नेस्टीने २०२३ मध्ये म्हटलं जबरदस्तीने. ज्या गावात स्थानिक टपरीवालीला उठवतात आणि परदेशी हॉटेलवाल्याला परवाना देतात त्या गावातल्या मसुराच्या सुपाचं आपण गोडवे गातोय. पोरांना पगार किती मिळतो तेही कोणी विचारलं नाही. कंबोडियात किमान वेतन ठरवलंय ते कपड्यांच्या कारखान्यांत, २०२५ साठी महिना २०८ डॉलर. हॉटेलातल्या पोराला कायद्याने तेवढंही नाही.

मेकाँगकाठी

तिरपागडा, वेतनाचं तुम्ही लिहिलंत ते बरोबर आहे. माझ्या कारखान्यातली मुलगी हॉटेलातल्या मुलीपेक्षा जास्त कमावते, पण जेवण आणि टीप धरली तर अंतर कमी होतं. रुन ता एकचा विषय गंभीर आहे आणि त्यावर वेगळा धागा व्हायला हवा. इथे एवढंच म्हणतो की त्या टपऱ्या आणि हे हॉटेल एकाच गिऱ्हाइकासाठी भांडत नव्हते. टपरीवालीचं गिऱ्हाईक देवळातून घामाघूम बाहेर येणारा माणूस. तो रस्ता बंद झाला तो सरकारी आणि अंगकोरच्या व्यवस्थापनाच्या निर्णयाने. परदेशी हॉटेलवाला भाडं देतो ते ख्मेर घरमालकालाच. फायदा कोणाला झाला असेल तर ज्याची गावात आधीच जमीन होती त्याला.

तिरपागडा

तेच म्हणतोय. ज्याच्याकडे होतं त्याला आणखी मिळालं. हॉटेलवाल्या जोडप्यावर माझा राग नाही, कौतुकाच्या सुरावर आहे.

भटकीभवानी

सुराबद्दलची टीका ऐकून घेतली. पगार मी विचारला होता, आकडा तिने सांगितला नाही आणि मीही रेटलं नाही. एक मात्र तिने आपण होऊन सांगितलं: तिच्याकडे शिकलेला एक मुलगा लग्नानंतर बाहेर पडला आणि मोठ्या बाजाराजवळ, प्सार लेउपाशी, गाडीवर कोंबडीचे रोल विकतो. पोळी तिची, सॉस ख्मेर गोड-तिखट. पहिले काही महिने ती त्याच्याशी बोलत नव्हती. आता तो पीठ तिच्याच व्यापाऱ्याकडून घेतो, दोघांचं मिळून जास्त उचललं की भाव पडतो.

शिलालेख

विषय इतिहासाचा नाही, तरी राहवत नाही. भवानी, तू अंगकोरच्या बायॉन देवळात बाहेरच्या ओवरीत दक्षिणेच्या भिंतीवरची शिल्पं पाहिलीस का? सातव्या जयवर्मन राजाच्या काळातली, बाराव्या शतकाचा शेवट. वरती चाम (शेजारच्या चंपा राज्याचे लोक) आणि ख्मेरांची नौकांवरची लढाई, आणि तिच्याच खालच्या पट्टीत भटारखाना. आचारी काड्यांना टोचलेलं काहीतरी विस्तवावर भाजतायत, एक डुक्कर कढईत सोडलं जातंय, नोकर डोक्यावर परातीत वाढप नेतायत. म्हणजे सळईवरचं भाजणं त्या गावाला कोणी परक्याने शिकवायची गरज नाही.

आणि परक्या धंदेवाल्यांचं म्हणशील तर १२९६ मध्ये झोउ दागुआन हा चिनी वकिलातीबरोबर अंगकोरला आला, सुमारे वर्षभर राहिला. त्याने लिहून ठेवलंय की इथला व्यापार बायका बघतात, म्हणून चिनी माणूस उतरला की आधी इथली बायको करतो, धंद्याला तिची मदत होते. बाजार पहाटेपासून दुपारपर्यंत, पक्की दुकानं नाहीत, जमिनीवर चटई टाकून बसायचं, आणि प्रत्येक जागेचं भाडं अधिकाऱ्याला द्यायचं. भाडं चुकलेलं नाही, सातशे वर्षांपूर्वीही.

खानावळकर

चटईलाही भाडं! शिलालेख, हे छापून हॉटेलवाल्यांच्या संघाच्या कार्यालयात लावायला हवं.

मिसळसम्राट

सगळं वाचलं. आता खरं सांगतो, माझ्या डोक्यात सिएम रीपला मिसळ-वडापाव टाकायचं आहे. भारतातून येणारे वाढतायत, जागा स्वस्त, डॉलरमध्ये कमाई. तुर्की माणसाला जमतं तर कोल्हापूरच्या माणसाला का जमू नये? खानावळकर, काय म्हणता?

खानावळकर

म्हणतो की पहिल्यापासून पुन्हा वाचा. तुम्ही प्रवाशांवर हिशोब मांडताय. तुमचा भारतीय प्रवासी गावात दोन-तीन रात्री असतो आणि त्यातलं जेवण त्याच्या सहलीवाल्याने आधीच ठरवलेलं असतं. तो तुमच्याकडे आला तरी एकदा येईल, फोटो काढेल, जाईल. तुमचा फ्रेंच म्हातारा कोण, ते आधी सांगा. आठवड्यातून तीनदा, पावसातही, पाच वर्षं कट-तर्रीची मिसळ खाणारा माणूस त्या गावात कोण आहे?

दुसरं, तुमच्या पदार्थातला सुपासारखा पदार्थ कोणता? स्वस्त, तिथल्याच मालातला, कोणालाही चालणारा. मोड आलेली मटकी तिथे आणाल कुठून ते बघा. वडापाव कदाचित चालेल, बटाटा आणि पाव दोन्ही मिळतात.

मिसळसम्राट

मटकी नाही तर मूग. मूग तिथे भरपूर पिकतात, मी वाचलंय. बाकी मुद्दा पटला, आधी महिनाभर जाऊन राहतो. पावसाळ्यात.

मेकाँगकाठी

मूग मिळतात, गोड खिरीत घालतात. पावसाळ्यात येताय हे चांगलं. घराचा करार करताना एक करा: मुदतीनंतरची भाडेवाढ किती टक्के ते आत्ताच लिहून घ्या, आणि ख्मेर प्रत व इंग्रजी प्रत दोन्ही आपल्या वकिलाकडून वाचून घ्या. वाद झाला तर ख्मेर प्रत धरतात. पाटीवरही ख्मेर अक्षरं वर आणि मोठी लागतात.

हिरवी_मिरची

हद्द बंद झाल्याने जेवणाखाण्याचे हाल आहेत का तिथे? बातम्या वाचून घरचे रद्द कर म्हणतायत.

भटकीभवानी

हाल नाहीत. २०२५ च्या जूनमध्ये कंबोडियाने थायलंडची फळं-भाज्या आणि इंधन घेणं थांबवलं, मग लोकांनीही थाई मालावर बहिष्कार टाकला. त्या तुर्की बाईच्या हॉटेलात पहिला फटका दुधाला बसला. ती दही थाई दुधाचं लावायची. नंतर व्हिएतनामचं दूध धरलं, दह्याला पूर्वीसारखा घट्टपणा येईना म्हणून आता रात्रभर फडक्यात टांगते. त्या चक्क्यात लसूण-पुदिना घालून वाटीभर देते, आणि गंमत म्हणजे तो आता तिच्या मेनूवरचा सगळ्यात जास्त खपणारा पदार्थ आहे. हद्दीवरच्या पोइपेतहून रस्त्याने बँकॉकला जाणारे पाठीवर-पिशवीवाले मात्र पूर्ण थांबले. संध्याकाळची गर्दी तिच्याकडे त्यामुळे उतरली, सकाळची तेवढीच आहे.

गलाटा_पूल

टांगलेलं दही म्हणजे सुझ्मे! ती घरी तेच करत असणार, धंद्यासाठी आळस केला होता इतकंच. आणि चहा? आमच्याकडच्या रिझे भागातलाच ना?

भटकीभवानी

रिझेचाच. येणारा-जाणारा तुर्की माणूस पिशव्या घेऊन येतो, बदल्यात न्याहारी फुकट. बिअर ती ठेवत नाही. यावर दोघांचं बरंच वाजलं होतं म्हणे. नवऱ्याचं म्हणणं, सगळा नफा बिअरमध्ये असतो. तिचं म्हणणं, मलेशिया-इंडोनेशियाहून येणारी कुटुंबं दारू दिसली की दारातूनच वळतात, आणि गावातली चाम मुसलमान मंडळी लग्नाकार्याची मोठी ऑर्डर देतात ती गेली असती. कोंबडीही ती चाम खाटकाकडूनच घेते. शेवटी तिचं चाललं.

खानावळकर

बिअर नाही आणि तरी इतकी वर्षं? मग नुसत्या सुपावर भागत नसणार, लग्नाच्या ऑर्डरी हाच खरा आधार. हे आधी सांगायचं ना ताई, माझा अर्धा प्रतिसाद वाचला असता.

शिलालेख

चाम गिऱ्हाईक आणि बायॉनच्या भिंतीवर चामांशीच लढाई. ११७७ मध्ये त्यांनी अंगकोर लुटलं होतं, आणि १९७५ नंतरच्या ख्मेर रूजच्या राजवटीत त्याच चामांचं भयंकर शिरकाण झालं. आज त्यांच्या लग्नात तुर्की पुलाव. बरं वाटलं वाचून.

हिरवी_मिरची

ठरलं, रद्द करत नाही. आता शेवटचे बारीक प्रश्न: नवा विमानतळ लांब आहे का? पास कोणता काढू? आणि पैसे कसे नेऊ?

मेकाँगकाठी

विमानतळ २०२३ च्या ऑक्टोबरात हलला, गावापासून चाळीसेक किलोमीटर, तासभर धरा. रात्री उतरणार असाल तर गाडी आधी सांगून ठेवा. पास एक दिवसाचा ३७ डॉलर, तीन दिवसांचा ६२, सात दिवसांचा ७२. सासूबाई सोबत असतील तर तीन दिवसांचाच काढा, ते दिवस सलग असण्याची गरज नसते, मध्ये विश्रांती घेता येते. डॉलर नेताना कोऱ्या नोटा न्या. कोपरा फाटलेली किंवा शाई लागलेली नोट इथे भाजीवालीसुद्धा परत करते. शंभराच्या नोटा बँकेत मोडून घ्या, सकाळी सात वाजता न्याहारीच्या बिलाला शंभराची नोट काढलीत तर तो इझमीरवाला शेजारच्या तीन दुकानांत पळेल.